‘येमेक’ म्हणजे नुसते खाणे नव्हे; पण शपथ तर नव्हेच

अरसिक वाचक: तुर्की ‘येमीन’ (शपथ) हा शब्द ‘येमेक’ (खाणे) या क्रियापदातून निघाला, ‘कारण शपथही खातात’, असे कालच्या लेखात ठोकून दिले आहे. शपथ खातात ती हिंदीत आणि फारसीत. तुर्क ती ‘करतात’ (येमीन एतमेक) किंवा अस्सल तुर्की शब्दांत ‘पितात’ (आंत इचमेक). ‘येमीन’ मुळात अरबी, त्याचा अर्थ उजवा हात. ‘येमेक’चा धातू मात्र घरचाच आहे, तोन्युकुक या तुर्क मंत्र्याच्या 8व्या शतकातील शिलालेखात, आपण शिकार आणि ससे खाऊन राहत होतो, असे सांगताना तो आला आहे.

मूळ लेखक: चूक मान्य, शिलालेख डोक्यात घातलात तेवढे पुरे. मुख्य मुद्दा तसाच राहतो: तुर्क मार खातो (दायाक येमेक), लाच खातो (रुश्वेत येमेक), आणि मराठी माणूसही दोन्ही खातो, कारण दोघांची गुरू फारसी. ‘लाचखोर’मधला ‘खोर’ कोठून आला?

निवृत्त मास्तर: आले फारसीचे गोडवे! ‘खोर’ फारसी आहे हे शाळकरी पोरही सांगेल, परंतु ‘खाणे’ संस्कृत ‘खाद्’पासूनचे आहे. 1987 साली सातबाऱ्यावरील एका नोंदीसाठी वडिलांना अकरा खेपा घालायला लावून ज्या कारकुनाने पैसे खाल्ले, त्याने काय फारसीची शिकवणी लावली होती?

मूळ लेखक: आपल्या सातबाऱ्यावरून व्युत्पत्ती ठरत नाही, मास्तर.

निवृत्त मास्तर: आणि आपल्या अंदाजावरून ठरते, नाही का?

इस्तंबूलकर: दोन वर्षे तेथे राहिले. भाडे मागायला आलेल्या घरमालकिणीशी मी हुज्जत घालू लागले की ती म्हणे, ‘बाशिमिन एतिनी येमे’, म्हणजे माझ्या डोक्याचे मांस खाऊ नकोस. मला थेट आईच आठवे. कोरियन लोकही शिव्या खातात, आणि तुर्कांप्रमाणेच फुटबॉलमध्ये गोलही खातात. त्यांना कोणत्या फारशाने शिकवले? शिवाय तुर्क दुसऱ्याचा हक्क खातो, आपण तो मारतो.

मूळ लेखक: फारसीतही हक्क खातातच, बाई.

इस्तंबूलकर: मग तुर्कांपुरते आपले म्हणणे चालवून घेऊ, मराठीचे नाव तेवढे मागे घ्या.

मूळ लेखक: ‘खोर’ ठेवून घेतो, बाकीचे मास्तरांना दिले.