बाबांचा 1997 चा पेंटियम: सुटे भाग आणि जुने गेम कुठून घेऊ?

माळ्यावरचा_पीसी
साताऱ्याच्या घराचा माळा आवरताना बाबांचा पेंटियम एमएमएक्स सापडला. 166 मेगाहर्ट्झ, 16 एमबी रॅम, 2 जीबी हार्ड डिस्क, आईने शिवलेल्या कव्हरसकट. बाबा म्हणतात भंगारात दे. मला मुलीला त्यावरच डेव्ह (डेंजरस डेव्ह) आणि प्रिन्स (प्रिन्स ऑफ पर्शिया) हे गेम खेळून दाखवायचेत. एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा), रॅम, हार्ड डिस्क, फ्लॉपी ड्राइव्ह अशी यादी केली आहे. पुण्याला येणं-जाणं असतं. कुठे बघू? गेमच्या ओरिजिनल सीडी मिळतात का? पीसी अजून चालू करून पाहिलेला नाही.

सोल्डरचा_डाग
चालू केला नाहीत ते फार बरं झालं. यादी तूर्तास खिशात ठेवा.

आधी एसएमपीएस बाहेर काढा. त्याला एखादी टाकाऊ हार्ड डिस्क जोडा, कारण एटी या जुन्या प्रकारचे एसएमपीएस भाराशिवाय धड चालत नाहीत. मग मल्टिमीटर लावा. लाल तारेवर 4.75 ते 5.25 व्होल्ट आणि पिवळीवर 11.4 ते 12.6 मिळाले तरच तो मदरबोर्डाला जोडा. बोर्डावरचे दोन कनेक्टर लावताना दोघांच्या काळ्या तारा मधोमध शेजारीशेजारी आल्या पाहिजेत. उलटे बसले तर बोर्ड गेलाच समजा. आणि एटी कॅबिनेटच्या पुढच्या बटणापर्यंत थेट 230 व्होल्ट येतात, तेव्हा प्लग काढल्याशिवाय आत बोट घालू नका.

मग बोर्डावरचा सीआर2032 सेल बदला, घड्याळवाल्याकडेही मिळतो. हा सेल मेला की बायोस (पीसी सुरू करणारा मूळ प्रोग्राम) हार्ड डिस्कची माहिती विसरतं आणि आपण डिस्क गेली म्हणून दुसरी शोधत हिंडतो. मी दोन रविवार हिंडलोय.

रॅम घेताना चिपसेटचा (बोर्डावरच्या मुख्य चिपांचा) नंबर वाचा. 430टीएक्स असेल तर 64 एमबीवर थांबा. त्यापुढची रॅम कॅशमध्ये (प्रोसेसरच्या वेगवान मेमरीत) येत नाही, मशीन उलट मंदावतं. 72 पिनांच्या पट्ट्या असतील तर सारख्याच दोन घ्या, एकटीवर पेंटियम चालत नाही.

रद्दीवाली
मंगळवार पेठेचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. सकाळी लवकर जा. तिथे 'चालू आहे' या शब्दाला काही अर्थ नसतो, म्हणून बिघडलं तरी हळहळ वाटणार नाही एवढेच पैसे द्या. किरकोळ केबल, कनेक्टर तपकीर गल्लीत मिळतील. मुंबईला गेलात तर लॅमिंग्टन रोड, पण मोठ्या दुकानात विचारू नका. वरच्या मजल्यांवर दुरुस्ती करणारे बसतात, खोक्यांत जुनं सामान त्यांच्याकडेच पडलेलं असतं. जुने सिरॅमिक प्रोसेसर मात्र शोधू नका, सोन्यापायी भंगारवाल्यांनी ते कधीच उचललेत.

सी_कोलन
जुनी हार्ड डिस्क विकतच घेऊ नका. आयडीई (जुन्या हार्ड डिस्कची जोडणी) ते कॉम्पॅक्ट फ्लॅश (एक प्रकारचं मेमरी कार्ड) असा छोटा अडॅप्टर ऑनलाइन मिळतो. त्यात 2 किंवा 4 जीबीचं कार्ड घाला. मोठं नको, त्या काळातली बरीच बायोस 8.4 जीबीच्या पुढे अडखळतात. आवाज नाही आणि कार्ड काढून लॅपटॉपवरून गेम भरता येतात.

रद्दीवाली
ओरिजिनल सीडी! डेव्ह आपल्यापैकी कुणी विकत घेतला होता? क्लासमधल्या फ्लॉपीवरूनच आला ना घरी? पण आता घ्यायचाच तर गॉग या साइटवर जुने गेम विकत मिळतात. बरेचसे डॉसबॉक्समध्ये (आजच्या पीसीवर डॉस चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) गुंडाळलेले असतात, आतल्या फाइल काढून खऱ्या डॉसवर टाकता येतात. 'रेड अलर्ट' तर कंपनीनेच 2008 मध्ये फुकट केला.

रद्दीच्या दुकानात 'चिप', 'डिजिट' या मासिकांच्या सीडी दिसल्या तर सोडू नका, डेमो गेमचा खजिना असतो. सीडी उजेडाकडे धरा. टाचणीएवढी भोकं दिसली तर परत ठेवा.

माळ्यावरचा_पीसी
वाखुसा (वाचनखूण साठवली). काल रात्री बसलो. एसएमपीएस 5.08 आणि 12.1 दाखवतोय, सेल नवा टाकला. बायोसमध्ये डिस्क ओळखायला लावली आणि विंडोज 95 उघडलं! बाबा खुर्ची ओढून बसले, 'भंगार' शब्द परत निघाला नाही. यादीतले एसएमपीएस आणि हार्ड डिस्क खोडले. कॉम्पॅक्ट फ्लॅश मात्र घेणार, डिस्क फार कुरकुरतेय.

आता अडलंय की-बोर्डवर. जुन्याचा स्पेसबार मेलाय, आणि मागे पीएस/2 (छोटं गोल सॉकेट) नाही, जुनं मोठं गोल डीआयएन सॉकेट आहे. कन्व्हर्टर कुणाकडे पडून आहे का? पुण्यात येऊन घेऊन जाईन.