ओआरए-१२८९९: अक्षरं नाही, बाइट मोजा
‘ज्ञानेश्वर’ हे नाव ओरॅकल डेटाबेसच्या २० लांबीच्या कॉलममध्ये का मावत नाही, ओआरए-१२८९९ (मजकूर कॉलमपेक्षा मोठा) ही एरर का येते, असं एकाने विचारलंय. ओरॅकलमध्ये व्हारकॅर२(२०) हा मजकुराच्या कॉलमचा प्रकार म्हणजे, सेटिंग बदललं नसेल तर, २० बाइट. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं; काना, मात्रा, हलन्त हीसुद्धा स्वतंत्र चिन्हंच. दिसायला अक्षरं ४, पण चिन्हं १० आणि बाइट ३०. लेंग्थ (चिन्हं मोजणारं फंक्शन) आणि लेंग्थबी (बाइट मोजणारं) दोन्ही चालवून पाहा, लगेच कळेल.

कृपा करून सबस्टर (मजकुराचा तुकडा काढणारं फंक्शन) लावून नाव कापू नका, माणसाचं नाव आहे ते! लांबीपुढे ‘कॅर’ (म्हणजे बाइट नाही, चिन्हं मोज) लिहून कॉलम मॉडिफाय करा. स्टेजिंग टेबलही (मुख्य टेबलाआधी डेटा जिथे उतरतो ते) तपासा. मी एकदा फक्त मुख्य टेबल बदललं होतं, आणि रात्रीचा लोड पुन्हा स्टेजिंगलाच अडकला.