सशर्त संभाव्यता: फासे-नाण्यांपलीकडचं उदाहरण हवं

अकरावी_गणित: सशर्त संभाव्यतेचं, म्हणजे एक घटना घडल्याचं माहीत असताना दुसरीच्या संभाव्यतेचं, सूत्र पाठ होतं, पण मुलं दोन ठिकाणी हमखास घसरतात. 'पाऊस असताना बसला उशीर' आणि 'उशीर झाला असताना पाऊस' यांची संभाव्यता एकच धरतात. शिवाय ज्या घटना एकत्र घडूच शकत नाहीत, त्यांना स्वतंत्र, म्हणजे एकीमुळे दुसरीची संभाव्यता न बदलणाऱ्या, म्हणतात. काय घ्यावं?

खडूफळा: आधी तक्ता, सूत्र नंतर. आकडे काल्पनिक चालतील, पण पूर्णांकात घ्या. १०० दिवस: ३० पावसाचे, ७० कोरडे. उशीर पावसात २४ दिवस, कोरड्यात १४. ओळी हवामानाच्या, रकाने 'उशीर' आणि 'वेळेवर'. कोरड्या दिवसांची ओळ वहीने झाका. उरले ३०, त्यांत उशीर २४, म्हणजे ०.८. आता ती ओळ उघडून 'वेळेवर'चा रकाना झाका. उरले ३८, त्यांत पावसाचे २४, म्हणजे साधारण ०.६३. अंश तोच, छेद बदलला. दरवेळी "छेदात कोण?" हे तोंडी वदवून घ्या. टक्केवारीने सुरुवात केलीत तर छेदच दिसेनासा होतो.

बदाम_सत्ती: दुसऱ्या घोळासाठी पत्त्यांसारखं साधन नाही. ५२ पानांत राजा निघण्याची संभाव्यता ४/५२, म्हणजे १/१३. पान बदामाचं आहे असं कळलं तरी १/१३च. म्हणून 'राजा' आणि 'बदाम' स्वतंत्र, आणि बदामाचा राजा असल्यामुळे एकत्र घडूही शकतात. उलट 'पान राणी आहे' कळलं की राजाची संभाव्यता थेट शून्य. याहून मोठं अवलंबन कुठलं? मग किलवरची दुर्री काढून टाका. राजा ४/५१, पण बदामांत अजून १/१३. स्वातंत्र्य गेलं! दुर्रीचा राजाशी वा बदामाशी काही संबंध नसताना गेलं, हे मुलांना जरूर दाखवा. स्वातंत्र्य अंदाजाने ठरत नाही; दोन्ही एकत्र घडण्याची संभाव्यता दोघांच्या संभाव्यतांच्या गुणाकाराएवढी येते का, हे तपासावं लागतं.

अकरावी_गणित: दोन मैत्रिणी वेगवेगळ्या बसने येतात. दोघींना उशीर होण्यासाठी ०.३८ × ०.३८ चालेल?

खडूफळा: नाही, पाऊस दोघींना एकच आहे. दोन्ही बसना वरचेच आकडे लावा आणि हवामान ठरल्यावर त्या एकमेकींवर अवलंबून नाहीत असं धरा. पावसात ०.८ × ०.८ = ०.६४, कोरड्यात ०.२ × ०.२ = ०.०४. एकूण ०.३ × ०.६४ + ०.७ × ०.०४ = ०.२२. थेट गुणाकाराने ०.१४४४ येतं, बरंच कमी. रोजच्या उदाहरणांत असं सामाईक कारण लपलेलं असतं, ते आधी शोधायला लावा.