कलमाच्या जोडाखालून फूट आलीय, ठेवू का?

प्रश्न: आंब्याचं कोय कलम लावून 14 महिने झाले. जोडाच्या वर जेमतेम चार पानं, आणि जोडाखाली हातभर उंच, तांबूस पालवीची फूट. इतकी जोमदार की कापायला जीव होत नाही. ठेवली तर झाड लवकर मोठं होईल ना?

उत्तर: अहो, ती कलमाची नाहीच, खुंटाची, म्हणजे ज्या कोयीच्या रोपावर कलम बांधलंय त्याची फूट आहे. सगळा जोर तीच ओढते आणि वर जोडलेली चांगल्या जातीची काडी उपाशी राहते. आजच खोडालगत काढा. आम्ही एक अशीच कौतुकाने वाढवली. आंबे लागले ते नुसते धागेच धागे, दातात अडकायचे!

दुसरं उत्तर: जोडावरची प्लास्टिकची पट्टी सोडलीत का? राहिली की खोड आवळून त्याला काच पडतो.

प्रश्नकर्ता: आत्ताच पाहून आलो. पट्टी सालीत रुतलेली. ब्लेडने उभी चिरून काढली, खाली करंगळी बसेल एवढी खाच! फूटही छाटली. शेंड्याला मोहर दिसतोय, त्याचं काय?

उत्तर: खुडा. पहिली 3 वर्षं तरी फळ धरू नका. आणि काठीचा आधार द्या, खाचेपाशी वाऱ्याने मोडेल.