मदत हवी आहे: नववीचा वर्ग तोंडच उघडत नाही, काय करू?

नमस्कार मंडळी, मी खानापूर तालुक्यात एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलला विज्ञान-गणित शिकवतो, बेळगावहून रोज बसनं ये-जा. प्रश्न दंगा करणाऱ्या पोरांचा नाही ओ, दंगा केला असता तर निदान कळलं तरी असतं की जागी आहेत. माझी नववी गप्प आहे. ४८ पोरं-पोरी, "समजलं का?" म्हटलं की एका सुरात "होऽऽय सर", आणि "बरं, सांग बघू आता" म्हटलं की सगळ्या माना खाली, कुणी वहीची पानं उलटतंय, कुणी शेजारच्याला कोपरानं ढोसतंय तू सांग तू सांग म्हणून. पुढच्या बाकावरची चार-पाच हात वर करतात, जूनमध्ये करत होती तीच आत्ता पण.

परवा तरंगणं-बुडणं चाललं होतं. काचेच्या भांड्यात बटाटा टाकला, बुडाला. मग मीठ घालत गेलो चमच्या-चमच्यानं, ढवळलं, आणि बटाटा हळूच वर आला. सगळी पोरं माना उंच करून बघायलेत, मागची तर बाकावर उभी राहिली, मला वाटलं आज जमलं. "का वर आला?" विचारलं. शांतता. पत्र्यावर पाऊस वाजत होता तेवढाच. शेवटी मीच सांगितलं, मीठ घातल्यानं पाण्याची घनता वाढली वगैरे, फळ्यावर लिहिलं, उतरवून घेतलं सगळ्यांनी. आणि मधल्या सुट्टीत हात धुताना नळावर शेवटच्या बाकावरचा एकजण दुसऱ्याशी भांडतोय, "हिरीत पवताना डबा बांधतोस ते डबा हलका हाय म्हणून न्हाई रे, आत हवा भरल्या, पाणी त्याला वर ढकलतंय, टोपण काढून सोड बघू तोच डबा, बुडतोय का न्हाई!" अहो हेच तर मी विचारत होतो! वर्गात ह्या पोराचं नाव घेतलं की उभा राहून चप्पल बघत बसतो.

करून बघितलेल्या गोष्टी: बरोबर उत्तराला पेन बक्षीस, ते त्याच पाच जणांच्या खिशात गेले. रोल नंबरनं उठवणं, त्यानं पोरं अजून घाबरली. प्रोजेक्टर आहे पण पावसाळ्यात करंटचा भरवसा नाही, आणि चालला तरी व्हिडिओ मजेत बघतात, नंतर परत तेच.

अजून एक. एका पोरीनं सरळ विचारलं, सर पीयूसीला (म्हणजे अकरावी-बारावीला) सायन्स घेतलं तर सगळं इंग्लिशमध्येच की, मग हे मराठीत पाठ करून काय उपयोग? काय सांगू तिला? बाकीच्यांच्या मनात पण हेच असणार.

तर शिकवणाऱ्या लोकांनी सांगा, वर्गात नेमकं काय करता. "पोरांना आपलंसं करा" टाइप उत्तरं नकोत प्लीज, तेवढं झालंय करून.

निपाणीची बाई:
सर, एक सांगा, प्रश्न विचारल्यावर तुम्ही थांबता किती? रागवू नका, मोबाईलवर एक तास रेकॉर्ड करून ऐका. अमेरिकेत मेरी बड रो म्हणून एक बाई होत्या, त्यांनी १९७०च्या आसपास विज्ञानाच्या वर्गांचं रेकॉर्डिंग तपासलं, तर शिक्षक सरासरी एक सेकंदसुद्धा थांबत नव्हते, लगेच दुसऱ्याला विचारायचे नाहीतर स्वतःच सांगून टाकायचे. जिथं ३ सेकंदांच्या वर थांबायला लागले तिथं उत्तरं लांब आली, गप्प राहणारी पोरं कमी झाली. मी मनात पाच आकडे मोजते. पहिल्यांदा जीव जातो आपला, वर्ग बघत बसतो, बाईंना झालं काय म्हणून!

बेळगावकर ७७:
दोन छड्या ठेवून द्या, बोलतील सगळे.

धागाकर्ता:
@बेळगावकर ७७, आमच्या वेळी छडी होतीच की ओ, वर्ग तेव्हा पण गप्पच होता.
बाई, रेकॉर्ड करतो.

चिकोडीचे निवृत्त मास्तर:
पेन बंद करा आधी. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या चित्रं काढायची हौस असलेल्या मुलांवर प्रयोग केला होता. चित्र काढलं तर बक्षीस मिळेल असं आधी सांगितलेली मुलं नंतर मोकळ्या वेळेत आपणहून कमी चित्रं काढायला लागली. बक्षीस अचानक दिलं त्यांचं तसं झालं नाही. तुमच्या मागच्या बाकावाल्यांना तर पेन आपल्यासाठी नाहीच हे पहिल्या दिवशीच कळलंय.

दुसरं, तुमचा तो नळावरचा पोरगा "हाय, न्हाई" करत बोलला ना? वर्गात तो "हाय" म्हणाला की आपण आधी "आहे" म्हणायला लावतो, आणि उत्तर राहतं बाजूला. बोलू द्या घरच्यासारखं, परीक्षेची भाषा वहीत लिहिताना बघू. पहिली ते तिसरी नलि-कलीत (कर्नाटकातल्या सरकारी शाळांची खेळत शिकायची पद्धत) हीच पोरं गटात बसून कार्डं घेऊन बडबड करत शिकलेली असतात, हायस्कूलला येईपर्यंत आपणच त्यांना गप्प करतो.

आणि पाटी वापरा. प्रश्न विचारायचा, एक मिनिट शेजारच्याशी बोलायचं, मग सगळ्यांनी पाटीवर लिहून एकदम वर धरायचं. एकट्याला उभं राहायला लागत नाही, चुकलं तरी ४८ मध्ये कुणाचं कळत नाही, आणि तुम्हाला एका नजरेत दिसतंय किती जणांना समजलं. मीठ घालायच्या आधीच विचारायचं होतं, बटाट्याचं आता काय होणार? वर येणार, तिथंच राहणार? पैज लावली की पोरगं निकाल बघायला थांबतंच.

निपाणीची बाई:
पीयूसीचं: त्या मुलीचं म्हणणं खरं आहे, ते नाकारू नका. मी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात त्या दिवसाचे पाच-सहा इंग्लिश शब्द लिहिते, डेन्सिटी, प्रेशर, फोर्स, मुलं वहीच्या मागच्या पानावर उतरवतात, दहावी संपेपर्यंत बऱ्यापैकी यादी होते. पण डबा का तरंगतो हे मराठीत डोक्यात बसलेलं असेल तर नुसतं नाव बदलायचं राहतं, ते तिला सांगा. आमच्या दोघी पीयूसीला सायन्सला गेल्या, पहिले दोन-तीन महिने रडल्या, मग लागल्या रांगेला.

धागाकर्ता:
हे करण्यासारखं आहे. पैजेचं तर डोक्यातच आलं नव्हतं. सोमवारी दाबाचा भाग आहे, वीट आडवी ठेवली तर वाळूत जास्त रुतते की उभी, असं विचारून सुरू करतो, पाटीवर आधी उत्तर. आमच्याकडं वीटभट्ट्यांवरची पोरं आहेत बरीच, बघू काय म्हणतात. फक्त ४८ पाट्या कुठून आणू? दगडी पाट्या एका आठवड्यात फुटतील.

चिकोडीचे निवृत्त मास्तर:
पाटी कशाला, झेरॉक्सच्या दुकानात कोरे कागद लॅमिनेट करून घ्या, दोघांत एक, म्हणजे २४ झाले. मार्करनं लिहायचं, जुन्या कापडानं पुसायचं. मार्कर पर्मनंट घेऊ नका तेवढं.