मदत हवी आहे : लागवडीचं अनुदान कधी आणि कशावर द्यावं?

नमस्कार मंडळी,
व्यापारी वृक्षलागवडीच्या सरकारी अनुदानावर टिपण लिहितेय आणि एका जागी अडलेय.

चिलीने १९७४ च्या ७०१ क्रमांकाच्या हुकूमनाम्याने लागवडीच्या खर्चाचा ७५ टक्के वाटा उचलला. पाइन आणि निलगिरीचं क्षेत्र झपाट्याने वाढलं, लाकूड-लगद्याचा मोठा उद्योग उभा राहिला. पण बराच फायदा मोठ्या कंपन्यांना झाला, आणि काही ठिकाणी मूळचं जंगल हटवून लागवडी झाल्या. हे मला फार खुपतं. उरुग्वेने १९८७ च्या कायद्यात वेगळी वाट धरली: वनीकरणासाठी प्राधान्याच्या जमिनी आधी ठरवल्या, मग तिथे करसवलत दिली.

माझी अडचण लहान शेतकऱ्याची आहे. करसवलत त्याच्या काय कामाची, मुळात कर भरण्याइतकं उत्पन्न हवं ना! रोपं लावतानाच पैसे दिले तर पुढे ती जगवण्याची ओढ राहत नाही. जगलेली झाडं मोजून दिले तर खड्डे, रोपं, कुंपण यांचा खर्च आधी कुठून आणायचा? आणि तोडणीपर्यंतची मधली वर्षं?

हप्त्यांनी अनुदान किंवा तोडणीनंतर फेडायचं कर्ज कुणी जवळून पाहिलंय का? हप्ते कसे पाडले होते, झाडं कोण मोजायचं? कृपया सविस्तर सांगा.