वडिलांच्या फुप्फुसाचा रिपोर्ट ६१, ऑक्सिजन मात्र ९६. लवकर सांगा

मंगळवारपेठ : वडिलांना जिना चढला की धाप लागते. फुंकायची तपासणी करून आणली. एका आकड्याखाली लाल रेघ आहे, ६१. म्हणजे फुप्फुस ६१ टक्केच उरलंय का? बोटाच्या यंत्रावर तर ९६ येतोय. खरं कुठलं धरायचं? डॉक्टर सोमवारी भेटणार, तोवर घरात कुणाला झोप नाही.

जुळे_सोलापूर : वय? बिडी-सिगारेट? आणि कशाचा ६१? त्या कागदावर ढीगभर आकडे असतात.

प्राणायामप्रेमी : रिपोर्टच्या नादी लागू नका. रोज पहाटे भस्त्रिका करायला सांगा. माझा दमा त्यानंच गेला.

पीएफटी_वाला : भस्त्रिका आत्ता अजिबात नको. नळ्या अरुंद असताना भराभर श्वास घेतला तर आधीची हवा पुरती बाहेर पडायच्या आत पुढची भरते आणि छाती फुगून राहते.

प्राणायामप्रेमी : हजारो वर्षांचं शास्त्र आहे ते.

मंगळवारपेठ : भांडू नका हो. 'एफईव्ही-१ / एफव्हीसी' असं लिहिलंय. वय ५८. बिडी कधीच नाही.

पीएफटी_वाला : मग फुप्फुस किती उरलं याचा हा आकडा नव्हेच. छाती गच्च भरून जोरात पूर्ण रिकामी केली की जेवढी हवा निघते ती एफव्हीसी. त्यातली पहिल्या सेकंदात निघते ती एफईव्ही-१. या वयात निरोगी माणसाची ७० टक्क्यांच्या वर निघते, यांची ६१ निघाली. अडथळा नळ्यांत आहे. श्वासनलिकेला फांद्या फुटत जातात, सुमारे २३ वेळा. मोठ्या नळ्यांना कूर्चेचा आधार असतो, बारीक नळ्यांना नसतो, नुसता स्नायू. तिथं सूज आली की वाट आक्रसते, आणि जोरात सोडताना छातीतल्या दाबानं अजून दबते.

९६ म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनपैकी किती टक्क्यांवर ऑक्सिजन चढलाय तो आकडा. वायुकोश काही कोटींत असतात, बसल्याजागी त्यांच्यावर ताण नसतो. त्यामुळे नळ्या अरुंद होऊनही तो बराच काळ चांगला राहतो. दोन्ही खरे आहेत.

अक्कलकोट_रोड : काम काय करायचे ते कुणी विचारलंच नाही!

मंगळवारपेठ : सूतगिरणीत होते. आधी ब्लो रूम, म्हणजे कापसाच्या गाठी फोडतात तिथं, मग कार्डिंग, म्हणजे पिंजणीला. त्याचा काय संबंध?

अक्कलकोट_रोड : काय सांगलालाव ओ! तोच तर संबंध. आमचे मामा पाळीवरून यायचे ते पापण्यांवर कापूस घेऊन. सुट्टीनंतर पहिल्या पाळीला छाती आवळून यायची, आठवडा सरेल तशी सैल व्हायची. कापसाच्या धुळीनं होणारा आजार तो, बिसिनोसिस म्हणतात.

जुळे_सोलापूर : मग आम्हालाही व्हायला पाहिजे. टॉवेलचे माग आहेत आमचे, कुणाला काही नाही.

अक्कलकोट_रोड : माग वेगळा, ब्लो रूम वेगळी. गाठी फोडतात तिथं धूळ जास्त.

दहावीची_आई : उजव्या फुप्फुसाला तीन खंड आणि डाव्याला दोनच का? मुलाच्या प्रोजेक्टमध्ये 'हृदयाला जागा हवी म्हणून' लिहिलं तर चालेल?

पीएफटी_वाला : चालेल ताई, पण वेगळा धागा काढा. मंगळवारपेठ, नळ्या सैल करणारा औषधाचा पंप द्यायच्या आधीची आणि नंतरची अशा दोन रांगा आहेत का?

मंगळवारपेठ : आहेत. एफईव्ही-१ आधी १.७७ लिटर, नंतर १.८४.

पीएफटी_वाला : ७० मिलीच वाढली. दम्यात बहुतेक वेळा याहून जास्त वाढते. निदान डॉक्टरच करतील, पण गिरणीचं त्यांना आधी सांगा. कुठल्या खात्यात, किती वर्षं, सुट्टीनंतर छाती आवळायची का. कामाचे जुने कागद न्या, कर्मचारी राज्य विम्याच्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत बिसिनोसिस आहे. बसल्याजागी धाप लागली किंवा ओठ निळसर दिसले तर सोमवारची वाट बघू नका.

मंगळवारपेठ : बाबा म्हणतात, सगळ्या खात्यालाच तसं व्हायचं, त्यात डॉक्टरला काय सांगायचं. आत्ता जिना चढायला लावला तर ९२ आला.

पीएफटी_वाला : परत चढायला लावू नका. बसल्यावर किती वेळात वर आला?